शेवटचा भाग उघडण्याआधी

किशोरांसाठीची फँटसी मालिका वाचताना शेवटच्या भागावर लगेच झडप घालू नका. आधीच्या भागाची अखेरची पन्नास-साठ पानं पुन्हा चाळा आणि अनुत्तरित राहिलेले चार-पाच प्रश्न कागदावर उतरवा. अपेक्षाभंग बहुधा इथेच होतो: आपण ज्या प्रश्नासाठी ताटकळलेलो असतो, तो लेखकाच्या लेखी किरकोळ असतो.

शेवट सर्वाधिक फसतो तो जादूच्या नियमांपायी. खलनायक इतका बलाढ्य करून ठेवलेला असतो की त्याला हरवायला ऐनवेळी नवा मंत्र नाहीतर विसरलेलं घराणं उकरून काढावं लागतं. म्हणून पाहायचं ते हे, की विजयाचं हत्यार निदान एक भाग आधी दिसलं होतं का, आणि ते वापरण्याची किंमत कुणी मोजली का. ‘हॅरी पॉटर’च्या सातव्या भागात (2007) खलनायकाला हरवण्यासाठी ज्या जातीच्या वस्तू (त्याच्या आत्म्याचे तुकडे दडवलेल्या) शोधून नष्ट करायच्या असतात, त्यातली एक, त्याची जुनी डायरी, दुसऱ्याच भागात (1998) येऊन गेलेली असते. त्यामुळे तो शोध उपरा वाटत नाही.

प्रेमाच्या त्रिकोणातला एक कोन मारून टाकला, तर लेखकाने निवड टाळली असं खुशाल समजा.

अनोळखी पात्रं अचानक ओळखीची असल्यासारखी वावरू लागली, तर मधली एखादी लघुकादंबरी तुमच्याकडून सुटली आहे, वाचनक्रम तपासा. आणि उपसंहार त्याच रात्री वाचू नका. मूळ शेवट एक दिवस मुरू द्या, मग वाचा.