दारावर ताबा नोटीस लागली, म्हणजे घर गेलं का?

‘दारावर नोटीस चिकटवली, आता आमचं घर गेलंच ना?’ हा प्रश्न घेऊन माझ्याकडे येणारी माणसं बहुतेकदा उशिरा येतात. कर्जाची काळजी असतेच, पण त्याहून लाज मोठी असते. पुण्याजवळच्या एका ताईंचं असंच झालं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

नवऱ्याची नोकरी गेली आणि घर ताईंच्या डब्यांवर चालू लागलं. हप्त्याचा चेक बाउन्स झाल्यावर कर्ज देणाऱ्या वित्तसंस्थेचा वसुलीवाला दारात येऊ लागला. ताई त्याच्या हातात रोख पैसे देत गेल्या, दर वेळी पावतीही घेतली. ते पैसे कर्जखात्यात जमाच झाले नाहीत. थकबाकी ९० दिवसांच्या पुढे गेली म्हणून खातं एनपीए, म्हणजे बुडीत जाऊ लागलेलं कर्ज, ठरलं, ६० दिवसांत कर्ज फेडा अशी नोटीस आली आणि नवऱ्याने ती न फोडताच कपाटात सारून ठेवली. मग दारावर ताबा नोटीस लागली, पेपरात छापून आली. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणीतरी त्या नोटिशीचा फोटो टाकला. तेव्हापासून ताई डबे द्यायलासुद्धा अंधार पडल्यावरच बाहेर पडत.

पहिल्या भेटीत कायद्याचा विषयच निघाला नाही. ‘मॅडम, मुलीच्या शाळेत कळलं तर?’ हेच चाललं होतं. पुढच्या वेळी मी दोघांनाही बोलावलं. पिशवीतले कागद टेबलावर काढून तारखेनुसार लावले. त्यात पावत्या होत्या. पातळ, पिवळट, एकीवर हळदीचा डाग. पण कर्जखात्याचा नंबर, रक्कम आणि सही स्वच्छ वाचता येत होती. नवरा त्या बघत राहिला. बायकोने इतके पैसे भरले आहेत हे त्याला माहीतच नव्हतं. दोघांचं खरं बोलणं तिथून सुरू झालं.

हे पैसे खात्यात दिसत नाहीत, म्हणून ताई थकबाकीदार, हे मला सरळ अन्यायाचं वाटतं. माणूस वित्तसंस्थेनेच पाठवला होता.

आता त्या प्रश्नाचं उत्तर. सरफेसी, म्हणजे कोर्टात न जाता तारण मालमत्तेतून कर्ज वसूल करू देणारा कायदा. त्याखालची अशी नोटीस सहसा सांकेतिक, म्हणजे फक्त कागदोपत्री, ताब्याची असते. तेवढ्याने कुलूप लागत नाही आणि मालकीही जात नाही. ६० दिवसांच्या नोटिशीला लेखी हरकत घेतली, तर वित्तसंस्थेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. ती संधी ताईंच्या हातून गेली होती. पण ताब्याच्या कारवाईपासून ४५ दिवसांत कर्ज वसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत, दाद मागता येते. नातेवाईक दिवाणी दावा लावा म्हणत होते. या प्रकरणांत ते दार जवळजवळ बंदच असतं.

वकिलाचे पैसे कुठून आणायचे, हा पुढचा प्रश्न. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते, हे कितीतरी घरांत ठाऊक नसतं. फ्लॅटच्या कर्जात ताई सहकर्जदार होत्या, म्हणून अर्ज त्यांच्या नावाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात केला. १५१०० या हेल्पलाइनवरही विचारता येतं. मिळालेल्या वकीलबाईंनी आधी खातेउतारा मागवला आणि एकेक पावती त्याच्याशी ताडून पाहिली. मुदतीत अर्ज दाखल झाला. काही रक्कम भरण्याच्या अटीवर प्रत्यक्ष ताब्याला अंतरिम, म्हणजे तात्पुरती, स्थगिती मिळाली. प्रकरण अजून चालू आहे. ताई आता दिवसाउजेडी डबे पोचवतात.

आणखी एक सांगते. वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नयेत, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. त्रास होत असेल तर वेळा वहीत टिपून ठेवा आणि आधी वित्तसंस्थेकडे लेखी तक्रार द्या. पण तक्रार केली म्हणून ते ४५ दिवस थांबत नाहीत. नोटीस मिळाल्याची तारीख लिफाफ्यावर लिहा आणि त्याच आठवड्यात वकील गाठा.