धूर निघून जातो, राख का अडकते?

प्रश्न : कार्बनचा ऑक्साइड वायू असतो, मॅग्नेशियमचा मात्र पांढरी भुकटी. असे का? धातूंचे सगळे ऑक्साइड घनच असतात का?

उत्तर : फरक बंधांचा आहे. कार्बन डायऑक्साइडचे रेणू सुटे असतात. रेणूच्या आतले बंध पक्के, पण दोन रेणूंमधली ओढ क्षीण. म्हणून वातावरणीय दाबाला उणे 78 अंश सेल्सिअसलाच तो घनातून थेट वायू होतो. मॅग्नेशियम ऑक्साइडमध्ये सुटा रेणू नसतोच. दुहेरी धन आणि दुहेरी ऋण प्रभाराच्या आयनांची अखंड जाळी असते आणि ती मोडायला सुमारे 2,850 अंश लागतात. ॲल्युमिनाचा (ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचा) द्रवणांक 2,072 अंश; गाडीचा धूर कमी विषारी करणाऱ्या उत्प्रेरक कन्व्हर्टरच्या आतला थर त्याचा असतो.

पण ‘धातूचा ऑक्साइड म्हणजे घन’ हे पाठ करू नका. धातूची ऑक्सिडीकरण अवस्था (त्याने गमावले असे मानलेल्या इलेक्ट्रॉनांची संख्या) फार वर गेली की बंध सहसंयुज, म्हणजे इलेक्ट्रॉन वाटून घेणारे, होतात आणि सुटे रेणू तयार होतात. मँगॅनीज हेप्टॉक्साइड हा तेलकट द्रव आहे, तोही स्फोटक. ऑस्मियम टेट्रॉक्साइड 40 अंशांना वितळतो, 130 अंशांना उकळतो. त्याची वाफ डोळ्यांना घातक असते.

प्रश्न : डिझेल गाडीचा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) रीजनरेट केला, म्हणजे तापवून आतली काजळी जाळली, की थोडे दिवस बरे चालते, मग पुन्हा दिवा लागतो. काजळी जळत नाही का?

उत्तर : काजळी बहुधा जळत असेल, उरते ती राख. काजळी म्हणजे मुख्यतः कार्बन. 550 ते 600 अंशांना तिचा कार्बन डायऑक्साइड होऊन ती निघून जाते. राख मात्र मुख्यतः इंजिन ऑइलमधल्या कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि जस्ताच्या ॲडिटिव्हमधून येते. ऑइल थोडे थोडे जळते आणि या धातूंचे सल्फेट, फॉस्फेट व ऑक्साइड मागे राहतात. रीजनरेशनच्या तापमानाला ते वायुरूप होऊन निसटत नाहीत. फिल्टरच्या नळ्यांच्या बंद टोकाशी साचत जातात.

स्कॅनरवर काजळीचा भार कमी, तरी फिल्टरच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक जास्त दिसला, तर राखेचा संशय घ्या. आधी दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या नळ्या तुंबलेल्या किंवा फाटलेल्या नाहीत ना, ते पाहा. अशा वेळी पुन्हा पुन्हा सक्तीचे रीजनरेशन करणे व्यर्थ. फिल्टर उतरवून कोरडा असताना वजन करावे, बाहेर पडण्याच्या बाजूकडून हवा मारून राख काढावी आणि परत वजन करावे. राख बारीक असते, मास्क हवाच. ऑइल गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या कमी राखेच्या ग्रेडचेच घाला. एसीईए (युरोपातील वाहन उत्पादकांची संघटना) हिच्या सी-3 ग्रेडमध्ये सल्फेटेड राखेची (ऑइल जाळून मोजलेल्या राखेची) मर्यादा 0.8 टक्के आहे. इंजिन ऑइल पीत असेल तर आधी ते दुरुस्त करा, नाहीतर साफसफाईचा खर्च पाण्यात.

(घन राख मागे उरण्याच्या या हिशेबात व्हॅनेडियम हा धातू बसत नाही. त्याचा पेंटॉक्साइड 700 अंशांच्या आतच वितळतो. जड इंधनावर चालणाऱ्या जहाजांच्या इंजिनांत तो सोडियमसोबत आणखी कमी तापमानाला वितळून एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खातो.)

प्रश्न : थंडीत सायलेन्सरमधून निघणारा पांढरा धूर म्हणजे वाफ का?

उत्तर : वाफ दिसत नाही. दिसतात ते ती थंड होऊन बनलेले थेंब, म्हणजे द्रव पाणी. एक लिटर पेट्रोल जळले की जवळपास एक किलो पाणी तयार होते. इंजिन तापल्यावर धूर थांबला तर काळजी नाही. थांबला नाही आणि कूलंटची पातळीही घटत असेल, तर हेड गॅस्केट (इंजिन ब्लॉक आणि हेडमधली सील) तपासा.