‘साहस’ : दंडापासून पदकापर्यंत

प्रश्न : आमच्या गावात एका शाळकरी मुलाने विहिरीत पडलेल्या दोन मुलींना बाहेर काढलं. ग्रामपंचायत त्याचा सत्कार करते आहे. फ्लेक्सवर ‘साहसी बालक’ लिहायचं ठरलं, तर एका निवृत्त शिक्षकांनी हरकत घेतली. साहस म्हणजे अविचार, तुम्ही ‘शौर्य’ लिहा, असं त्यांचं म्हणणं. कोणी ‘धाडसी’ सुचवतं, कोणी ‘देवदूत’. बरोबर काय?

उत्तर : आधी ‘देवदूत’ खोडा. बुडणाऱ्याला काढलं की देवदूत, रुळांवरून ओढलं की देवदूत, वेळेवर रक्त दिलं तरी देवदूत. बातम्यांमध्ये हा शब्द वाचून वाचून डोकं उठलं आहे. विहिरीत उतरला तो तुमच्या गावातला पोरगा. त्याला बुडायची भीती होती, त्याचाही दम तुटला असेल. देवाच्या दूताला यातलं काहीच नसतं. मग त्याचं कौतुक कशाचं करायचं?

‘शौर्य’ चूक नाही. मुलांच्या राष्ट्रीय पुरस्काराला मराठीत बालशौर्य पुरस्कार म्हणायची रीत पडलीच आहे. पण माझ्या कानाला शौर्याला समोर कोणीतरी लागतो, लढणारा. विहिरीने तुमच्या मुलावर वार केला नव्हता. ‘धाडस’ अगदी चालेल, त्याच्याकडे येतोच.

आता ‘साहस’. गुरुजींच्या मनात संस्कृत कवी भारवीचं ‘सहसा विदधीत न क्रियाम्’ असणार. सगळ्यांच्या असतं. भीम चवताळलेला असताना युधिष्ठिर त्याला समजावतो, की एकदम, मागचापुढचा विचार न करता काही करू नकोस, अविवेक हे संकटांचं घर आहे. उपदेश उत्तम, पण तिथे शब्द आहे ‘सहसा’. ते क्रियाविशेषण. त्याचा दाखला देऊन ‘साहस’ या नामाला अविचारी ठरवायचं, हे संस्कृत पाठ असणाऱ्यांनी तरी करू नये. आणि तोच ‘सहसा’ मराठीत आल्यावर काय झाला ते पाहा. ‘ते सहसा घराबाहेर पडत नाहीत’ यात घाईचा मागमूस नाही. शब्द जागचे हलतात. ‘सहसा’ हलला तर चालतो आणि ‘साहस’ हलला तर हरकत, हे कसं?

दोन्ही शब्द ‘सहस्’मधून निघाले. सहस् म्हणजे बळ, जोर. अरणी, म्हणजे यज्ञाचा अग्नी पाडायचं लाकूड, जोर लावून घुसळली की अग्नी पेटतो, म्हणून ऋग्वेदात अग्नीला ‘बळाचा पुत्र’ म्हटलं आहे, ‘सहसः सूनुः’. मुळातला धातू सह्, म्हणजे मात करणे. पुढे त्याचाच अर्थ सोसणे असा झाला आणि आपलं ‘सहन’ त्यातूनच आलं. साहस आणि सहन एका धातूची लेकरं आहेत.

पण मला हा शब्द ज्याच्यासाठी आवडतो ते पुढे आहे. धर्मशास्त्रात साहस हा गुन्हा होता! राजाच्या न्यायसभेपुढे येणाऱ्या खटल्यांचे अठरा विषय सांगितले आहेत, त्यांत कर्ज आहे, ठेव आहे, शिवेचं भांडण आहे, चोरी आहे आणि साहस आहे. चोरी आणि साहस यांतला फरक मनुस्मृतीने नेमका केला आहे : धन्याच्या डोळ्यांदेखत, बळजबरीने केलं ते साहस, पाठीमागे, लपून केलं ती चोरी. म्हणजे दरोडा, मारहाण, मोडतोड हे सगळं साहस. दंडाच्या पायऱ्यांनाही तेच नाव. ‘पण’ हे त्या काळचं नाणं. २५० पण हा प्रथम साहस दंड, ५०० पण मध्यम साहस, १००० पण उत्तम साहस. ‘उत्तम’ म्हणजे इथे सर्वांत जबर.

नारदस्मृती याच पायऱ्या गुन्ह्यांना लावते. फळं, मुळं, पाणी, शेतीची अवजारं यांची नासधूस हे प्रथम साहस. वस्त्रं, जनावरं, अन्नपाणी, घरातलं सामान यांची नासधूस हे मध्यम. विष घालून किंवा शस्त्राने ठार मारणं, परस्त्रीवर हात टाकणं आणि ‘प्राणोपरोधि’ म्हणजे प्राणावर घाला घालणारं जे काही असेल ते उत्तम साहस.

आता दिल्लीच्या रामलीला मैदानावर या. तारीख २ ऑक्टोबर १९५७. पंडित नेहरू कार्यक्रम पाहत बसले होते आणि शामियान्याला आग लागली. आत गर्दी. हरिश्चंद्र मेहरा नावाचा चौदा वर्षांचा बालवीर, म्हणजे स्काउट, तिथे स्वयंसेवक होता. त्याने चाकू काढला आणि कापड टराटरा फाडून लोकांना बाहेर पडायला वाट करून दिली. ४ फेब्रुवारी १९५८ रोजी नेहरूंच्या हस्ते त्याचा गौरव झाला आणि मुलांच्या शौर्य पुरस्कारांची सुरुवात त्याच्यापासून झाली. त्याने केलं काय? दुसऱ्याच्या मालकीचं वस्त्र, भर सभेत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, हत्याराने फाडलं. नारदाच्या यादीने हे मध्यम साहस, मनूच्या हिशेबाने दंड ५०० पण! त्याच कृत्यासाठी पंतप्रधानांनी पदक दिलं. शब्दाचा जुना अर्थ आणि नवा अर्थ एका मुलाच्या हातातल्या चाकूवर येऊन असे भेटलेले मी दुसरीकडे पाहिले नाहीत.

दुसरा योग सरकारी नावांचा. बुडणाऱ्याला, आगीत, दरडीखाली किंवा खाणीत अडकलेल्याला वाचवणाऱ्यांसाठी केंद्र सरकारने १९६१ साली जीवन रक्षा पदक सुरू केलं. त्याच्या तीन पायऱ्या : सर्वोत्तम जीवन रक्षा पदक, उत्तम जीवन रक्षा पदक आणि नुसतं जीवन रक्षा पदक. वाचवणाऱ्याच्या जिवाला अतिशय मोठा धोका असेल तर पहिलं, मोठा धोका असेल तर दुसरं, त्याला गंभीर इजा होण्याजोगी परिस्थिती असेल तर तिसरं. ‘उत्तम साहस’ म्हणजे प्राण घेणं, तर ‘उत्तम जीवन रक्षा’ म्हणजे प्राण वाचवणं. नावं ठेवणाऱ्यांच्या मनात नारद नसेलही, पण धोक्याची उत्तम-मध्यम अशी प्रतवारी लावायची सवय या देशात फार जुनी आहे, असं माझं ठाम मत आहे.

राहिला अविचाराचा आरोप. १७ एप्रिल २०२१ रोजी वांगणी स्टेशनात डोळ्यांनी अधू असलेल्या आईचा हात सुटून मूल फलाटावरून रुळांवर पडलं. समोरून एक्स्प्रेस येत होती. रेल्वेचा पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारा कर्मचारी, मयूर शेळके रुळांमधून गाडीच्या दिशेने धावला, मुलाला फलाटावर ढकललं आणि स्वतः वर चढला तोच गाडी धडधडत गेली. कॅमेऱ्यात टिपलेलं ते दृश्य पुष्कळांनी पाहिलं असेल. धावताना आपल्याही जिवाला धोका आहे हे मनात आलं होतं, तरी त्याला वाचवायलाच हवं असं वाटलं, असं त्याने नंतर सांगितलं. विचार झाला होता, धोका कळला होता. रेल्वेने ५० हजारांचं बक्षीस दिलं, त्यातली अर्धी रक्कम त्याने त्या मायलेकरांना देऊ केली. याला अविचार म्हणणाऱ्यांनी साहस आणि दुःसाहस यांत फरक करावा. ‘दुः’ हा उपसर्ग भाषेने त्यासाठीच दिला आहे.

‘धाडसा’बद्दल माझं एक मत आहे आणि ते मी सोडणार नाही. काही जण त्याचं मूळ ‘धार्ष्ट्य’मध्ये शोधतात. मला पटत नाही. धार्ष्ट्याचं मराठीत ‘धारिष्ट’ झालं आणि ते अजून नांदतं आहे. शिवाय धार्ष्ट्यातून निघालं तर शेवटचा ‘स’ आला कुठून? संस्कृतात धाटी म्हणजे हल्ला, त्यावरून आपली ‘धाड’. दरोडेखोरांची धाड, टोळधाड, पोलिसांची धाड. या धाडीला साहसाचं शेपूट जोडून ‘धाडस’ झालं असावं असं मी धरतो. तसं असेल तर मराठीचे हे दोन्ही शब्द दरोडेखोरांच्या घरातून निघून बुडणाऱ्यांना वाचवायला आले. साहसाचं तर सिद्धच आहे.

तेव्हा ‘साहसी बालक’ ठेवा. त्याखाली त्याने काय केलं ते एका ओळीत लिहा, ‘विहिरीत उडी मारून दोन मुलींचे प्राण वाचवले’ एवढं पुरे. आणि छापायला देण्याआधी मजकूर स्वतः वाचा. ‘सा’चा काना भलत्या जागी जाऊन ‘सहासी’ छापलेले फ्लेक्स मी डोळ्यांनी पाहिले आहेत. सहास म्हणजे हसतमुख.