३५० विकायच्या आधी मागचा शॉकअप बघा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. साडेतीनशे सीसीची क्रूझर मोटरसायकल, एकट्याने चालवताना काही तक्रार नाही. वहिनी मागे बसल्या की हँडल हलकं लागतं, खड्ड्यात मागून 'ठक्' होतं, वळणावर गाडी बाहेर जायला बघते. म्हणून ती एक्स्चेंजला देऊन सहाशे-पन्नास घ्यायची का, असं विचारताय. आणि जाता जाता लिहिलंय की रात्री समोरचे ट्रकवाले उगाच डिपर मारतात, त्याचा याच्याशी काही संबंध नसेल.

संबंध आहे, आणि चांगलाच आहे. तेवढं एक वाक्य वाचून लिहायला बसलो, कारण मलाही मारायचे. मी त्यांना शिव्या घालायचो.

आधीच सांगतो, मी मेकॅनिक नाही. सांगली जिल्ह्यात राहतो, वय ५३, उंची पाच फूट सहा इंच, वजन ८४ किलो. आमच्या सौ. ६६ किलो (हे इथे लिहिलंय हे त्यांना कळू नये). पुणे, कोल्हापूर, रत्नागिरी, एकदा गोकर्ण, एवढाच आमचा प्रवास, लडाखवाले आम्ही नाही. त्यामुळे खालचं सगळं एका माणसाचं मत समजा. दोघांना हेल्मेट, एबीएस, टायरची अवस्था वगैरे तुम्हाला सांगायची गरज नाही.

२०२१ साली साडेतीनशेची सिंगल सिलिंडर क्रूझर घेतली. कुठली ते सांगत नाही, त्यात गाडीचा दोष नव्हता. टेस्ट राइड एकट्याने, शोरूमपासून पुढच्या चौकापर्यंत आणि परत. मिसेसना मागे बसवून पाच-सहा किलोमीटर जाऊन येतो म्हटलं, तर 'डबल सीट टेस्ट राइड देत नाही, इन्शुरन्सचा प्रॉब्लेम होतो' असं उत्तर मिळालं. मी मान डोलावली. डबल सीटसाठीच गाडी घ्यायची आणि डबल सीट न बसता पैसे भरायचे, हा शहाणपणा माझा.

पहिल्याच पुणे फेरीत तुम्ही लिहिलंय तेच सगळं झालं. कराड सोडलं की उड्डाणपुलांच्या सांध्यांवर प्रत्येक वेळी मागून दणका. खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर पडेपर्यंत सौं.ची कंबर धरलेली.

मग सुरू झाल्या सर्व्हिस सेंटरच्या फेऱ्या. पहिल्या वेळी 'आवाज सगळ्याच गाड्यांना येतो काका'. दुसऱ्या वेळी गाडी दिवसभर ठेवून घेतली, संध्याकाळी ग्रीसिंगचे पैसे घेतले आणि जॉबकार्डवर लिहिलं, 'टेस्ट राइड ओके'. टेस्ट राइड कोणी घेतली विचारलं तर एक पोरगा पुढे आला, असेल पन्नास किलोचा, एकटाच गेला होता. म्हटलं, अरे तक्रारच डबल सीटची आहे, मागे कुणाला तरी बसवायचं होतंस. तो हसला. तिसऱ्या वेळी मी स्वतःच विचारलं की शॉकअप थोडा टाइट करता येतो का, कारण सीटखाली एक आकड्यासारखा, म्हणजे हुकासारखा वाकडा पाना होता आणि तो कशाचा ते कळत नव्हतं. काउंटरवरचे साहेब म्हणाले, 'ती कंपनी सेटिंग आहे, हात लावलात तर वॉरंटी जाईल.'

या एका वाक्याने माझं जेवढं नुकसान केलं तेवढं कुठल्याही खड्ड्याने केलं नाही. त्या पान्याचा उपयोग कसा करायचा हे त्याच गाडीच्या मॅन्युअलमध्ये चित्रासकट छापलेलं आहे. मॅन्युअल मी पिशवीतून काढलंच नव्हतं, ही माझी चूक, मान्य. पण ज्यांचा धंदाच हा आहे त्यांनी गिऱ्हाइकाला वॉरंटीची भीती घालावी? त्याच इमारतीत खाली विक्रीचं टेबल. खाली आलो की तिथला मुलगा आदबीने सांगायचा, 'काका, हायवेला डबल सीट म्हटलं की सहाशे-पन्नासच पाहिजे.' वर गाडी दुरुस्त होत नाही आणि खाली नवीन गाडी तयार. मुद्दाम करत होते असं म्हणत नाही. आळस असेल.

तर २०२३ला साडेतीनशे विकली आणि सहाशे-पन्नासची क्रूझर घेतली. दोन्ही व्यवहारांत मिळून शेवटी एक लाख पंच्याऐंशी हजारांना बसलो. कसा, ते पुढे येईल.

पहिले दोन महिने हवेत होतो. ताकद म्हणजे ताकदच. उसाच्या हंगामात आमच्याकडे रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर असतात, मागे ना लाइट ना रिफ्लेक्टर. साडेतीनशेवर दोघं असताना असा ट्रॅक्टर ओलांडायचा म्हणजे तिसरा गिअर टाकून, समोरचं बघून, देवाचं नाव घेऊन. सहाशे-पन्नासला नुसती मूठ पिळली की संपलं. पण मागून दणका? तो थोडा कमी झाला, गेला नाही. जड गाडी म्हणून मी समजूत घालून घेतली. तिथेही मागच्या शॉकअपची स्प्रिंग घट्ट करायची रिंग पहिल्याच, सगळ्यात सैल खाचेत होती हे मला नंतर कळलं.

आणि मग ऑगस्टमधला आंबा घाट. रत्नागिरीला निघालो होतो, धुकं उतरलं होतं, सौ. म्हणाल्या एक फोटो काढू. मी डावीकडे कडेला घेतली. रस्त्याची कड डावीकडे उतरती, त्यावर ओली बारीक खडी. मी दोन्ही पाय टेकले आणि 'उतर' म्हटलं. मागचा माणूस डावीकडून उतरतो तेव्हा त्याचं सगळं वजन क्षणभर डाव्या फूटरेस्टवर येतं, त्या क्षणी गाडी तुमच्या डाव्या पायावर असते. माझा डावा पाय खडीवरून सरकला. २४० किलोची गाडी, वर दोन बॅगा; एकदा कलली की माणसाच्या हातात राहत नाही, तिथे माझ्यासारख्याचं काय. क्रॅशगार्डमुळे माझा पाय वाचला, सौं.चा घोटा बॅगेखाली आला. हेअरलाइन फ्रॅक्चर, पाच आठवडे प्लास्टर. गाडी उचलायला मागून येणाऱ्या टेम्पोतली दोन पोरं उतरली म्हणून बरं.

वेग शून्य होता हो. ऐंशीच्या वेगात दोन वर्षं काही झालं नाही आणि उभ्या गाडीवर हे झालं. प्लास्टर घालताना सौ. एवढंच म्हणाल्या, 'आधीची असती तर तुम्ही धरली असती.' बहुतेक धरली असती.

प्लास्टर निघायच्या आसपास एका पेट्रोल पंपावर माझी जुनी साडेतीनशे दिसली. ज्या मास्तरांनी घेतली होती ते तासगावकडचे, मागे त्यांच्या मिसेस. मी जरा घाबरतच विचारलं, कशी चाललीय? 'एक नंबर,' म्हणाले, 'मागचा शॉकअप तेवढा दोन खाचा वर घेतला घेतल्याच्या दिवशी, आमचं दोघांचं वजन जास्त ना.' पाना कुठून आणला विचारलं. 'सीटखालीच होता की तुमच्या!'

घरी येताना माझं डोकं काय झालं असेल ते तुम्ही समजा.

आता तुमचं. मागे बसणाऱ्याचं जवळजवळ सगळं वजन मागच्या चाकावर येतं. स्प्रिंग एकट्याच्या हिशोबाने लावलेली असली की गाडीचा पार्श्वभाग बसतो आणि तोंड वर होतं. तोंड वर झालं म्हणून हँडल हलकं, म्हणून वळणावर बाहेर ओढ, म्हणून खड्ड्यात शॉकअपचा खेळ संपून तळाला ठक्. आणि म्हणूनच तुमच्या हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत, म्हणून डिपर. एकच आजार आहे, लक्षणं चार.

जोडीच्या शॉकअपवर जी पायऱ्यापायऱ्यांची रिंग दिसते ती आकड्याच्या पान्याने फिरवायची. रॉयल एनफिल्डच्या मिटिअर ३५०ला अशा सहा पायऱ्या आहेत. दोन्ही बाजूंना एकच पायरी हवी, एक इकडे एक तिकडे असं चालत नाही. माप घ्यायचं तर तिसरा माणूस टेपसकट लागतो: गाडी मधल्या स्टँडवर, मागचं चाक अधांतरी, अॅक्सलपासून वरच्या एखाद्या बोल्टपर्यंतचं अंतर. मग दोघं सामानासकट बसा आणि परत मोजा. जो फरक येईल तो चाकाच्या एकूण वर-खाली खेळाच्या एक तृतीयांशाच्या आसपास असावा, त्याहून फार बसत असेल तर रिंग अजून वर. हा ढोबळ हिशोब आहे, इंजिनिअर लोकांनी मला झोडू नये. मागच्या टायरची हवाही बघा. मॅन्युअलमध्ये एकट्याचा आकडा वेगळा आणि डबल सीटचा वेगळा असतो, आणि पंपावरचा मुलगा आपल्याला न विचारता एकट्याचाच भरतो. हेडलाइट शेवटी, दोघं बसलेले असताना सेट करायचा. चेनचा ढिलेपणाही त्याच वेळी बघून घ्या.

एवढं करूनही साडेतीनशे कमी पडते का? काही बाबतीत पडते. मिटिअरचं उदाहरण घेतो, कारण आकडे सगळ्यांना ठाऊक आहेत: १९१ किलोची गाडी, २० बीएचपीच्या आसपास ताकद, २७ न्यूटन-मीटर टॉर्क (म्हणजे ओढायचा जोर). दोघं आणि सामान धरून साडेतीनशे किलोच्या वर वजन होतं. ऐंशीला आरामात जाते, नव्वदीपर्यंत कुरकुर नाही, त्यापुढे चढावर दम लागतो, पुण्याहून येताना खंबाटकीच्या घाटात चौथा गिअर टाकावा लागतो. पण चौपदरी महामार्गावर दुचाकीला २०१८पासून मर्यादाच ८०ची आहे. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर आणि समृद्धीवर तर आपल्याला घेतच नाहीत. शंभर-एकशेवीसची ताकद विकत घेऊन ती वापरणार कुठे?

त्याच कंपनीची सुपर मिटिअर ६५० म्हणाल तर ४७ पीएस (बीएचपीच्या जवळपासचंच माप), ५२ न्यूटन-मीटर, पण २४१ किलो. सीटची उंची ७४० मिलिमीटर, मिटिअरपेक्षा २५ने कमीच, त्यामुळे शोरूममध्ये पाय मस्त टेकतात आणि माणूस फसतो. पाय टेकणं वेगळं आणि मागे माणूस हलत असताना वजन पेलणं वेगळं. गाडीच्या पोटाखालची जागाही १३५ मिलिमीटरच, गावातले स्पीडब्रेकर आठवा. तुम्ही दर महिन्याला बेंगळुरूकडे पाचशे-सहाशे किलोमीटर एका दिवसात मारणार असाल, उंची पावणेसहाच्या पुढे असेल, गुडघे शाबूत असतील, तर खुशाल घ्या, सुंदर गाडी आहे. पुणे-कोल्हापूर आणि वर्षातून दोनदा कोकण, यासाठी माझ्या मते नको. सप्टेंबर २०२५पासून जीएसटीचाही फरक पडलाय: ३५० सीसीपर्यंत १८ टक्के, त्याच्या वर ४०. म्हणजे दोन गाड्यांमधलं अंतर आणखी वाढलं.

उलट दिशेने, 'बजाजची अॅव्हेंजर २२० घ्या, १६३ किलो, हलकी' असंही तुम्हाला कुणीतरी सांगेल. एकट्याला झकास. दोघांना हायवेवर टॉर्क अपुरा वाटतो, हे माझं मत, मालकांनी रागावू नये. बॉबर प्रकाराचा (मागे आखूड, बहुधा एकट्यासाठीची गाडी) तर विचारच नको, जावा पेराक मुळातच एका सीटची आहे.

कुठलीही घ्या, पण वहिनींना मागे बसवल्याशिवाय पैसे भरू नका. शोरूम देत नसेल तर ओळखीत कुणाकडे ती गाडी आहे ते शोधा, पेट्रोल भरून द्या आणि किमान चाळीस किलोमीटर जाऊन या. परत आल्यावर मत त्यांचं विचारा, तुमचं नाही. आणि उतरत्या कडेवर थांबवून त्यांना उतरायला, चढायला लावा, पाच वेळा. मी ते केलं असतं तर. बसण्याचंही एक: साडी नेसून एका बाजूला पाय टाकून हायवेला बसणं नको. आमच्या सौं.नी पंजाबी ड्रेसवर दोन्हीकडे पाय टाकून बसायला सुरुवात केली तेव्हा त्यांची अर्धी कंबरदुखी गेली. बॅकरेस्ट लावाच, पण त्याच्याही मागे कॅरिअर बसवून त्यावर सगळं सामान लादू नका, मागच्या अॅक्सलच्या पलीकडचं वजन परत पुढचं चाक हलकं करतं. जड ते बाजूच्या बॅगांत, तळाला.

सहाशे-पन्नास मी वर्षाच्या आत विकली. आता जुनी घेतलेली साडेतीनशेच आहे, रिंग पाचव्या पायरीवर, ऐंशीच्या आत चालतो. आंबा घाटात थांबायचं असेल तर आधी सपाट जागा बघतो, मी जमिनीवर नीट उभा राहून 'हं' म्हटल्याशिवाय सौ. उतरत नाहीत.

तुम्ही आज एवढं करा: सीट उघडून पाना आहे का बघा. सेकंडहँड घेतली असेल तर बहुतेक गायब असेल, पण स्पेअरच्या दुकानात दोनेकशे रुपयांत मिळतो. रिंग चिखलाने जाम असेल तर जोर लावू नका, ब्रशने साफ करून गंज सोडवायचा स्प्रे मारा आणि रात्रभर ठेवा, नाहीतर पाना सटकून बोटं फुटतात, माझी फुटली आहेत. ती सध्या कितव्या पायरीवर आहे आणि तुमचं दोघांचं वजन किती, तेवढं कळवा. एक्स्चेंजवाल्याला रविवारनंतर या म्हणून सांगा.