जुनी टर्बो पेट्रोल घ्यायची तर किलोमीटर नंतर, ऑइलची बिलं आधी

प्रश्न : दोन सेकंडहँड गाड्या बघून ठेवल्यात. एक २०१५ची फोर्ड इकोस्पोर्ट १.० इकोबूस्ट (छोटं टर्बो पेट्रोल इंजिन), ६८ हजार किमी, स्वस्तात मिळतेय. दुसरी २०२०ची ह्युंदाई व्हेन्यू १.० टर्बो डीसीटी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), ती बरीच महाग. ओळखीचे सगळे म्हणतात छोटं टर्बो इंजिन जुनं घेऊच नको, लाख किमीच्या आत बसतं. खरंय का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : सरसकट खरं नाही. टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा, उगाच बदनाम झालाय, बिचारा बहुतेक वेळा ऑइलमुळे मरतो. पण तुमच्या इकोस्पोर्टचं दुखणं टर्बोचं नाहीच, ते आहे टायमिंग बेल्टचं, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडबंद करणाऱ्या पट्ट्याचं. या इंजिनात बेल्ट ऑइलमध्ये भिजलेला चालतो, ऑइल पंपाचा बेल्टही तसाच आतमध्ये. कंपनीने सांगितलेलं ५डब्ल्यू-२० ग्रेडचं ठरावीक ऑइल सोडून कोणी कोपऱ्यावरच्या गॅरेजात मिळेल ते ओतलं, किंवा बदलायला दोन-दोन वर्षं लावली, की बेल्टचं रबर सुटायला लागतं, त्याचा चुरा खाली ऑइल पंपाच्या जाळीत अडकतो, ऑइलचं प्रेशर पडतं आणि मग टर्बोसकट सगळंच जातं. तोपर्यंत गाडी मस्त पळत असते, म्हणून टेस्ट ड्राइव्हवर काहीच कळत नाही.

२०१५ची गाडी म्हणजे बेल्टची १० वर्षं भरली. बदलल्याचं बिल नसेल तर तो खर्च किमतीतून सरळ वजा करा, काम साधं नाही, स्पेशल टूल लागतात. घ्यायचीच असेल तर मालकाला सांगून इंजिनखालचं ऑइल चेंबर उतरवून जाळी बघा. काळे रबराचे कण दिसले तर नमस्कार करून निघायचं. मालक चेंबर उतरवू देत नसेल तरी निघायचं. फोर्डने इथे गाड्या बनवणं २०२१ला थांबवायचं ठरवलं, पार्ट्स मिळतात, पण हे इंजिन उघडलेला मेकॅनिक आधी शोधून ठेवा.

व्हेन्यूत बेल्टऐवजी टायमिंग चेन आहे, त्यामुळे ही भानगड नाही. मात्र तिथे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये उडतं, हवा आत सोडणारे इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत, त्यांच्यावर कार्बन साचतो. सकाळी इंजिन पूर्ण गार असताना जा, मालकाला आधी स्टार्ट करून ठेवू नका म्हणावं. थरथर, निळा धूर, डिपस्टिकवरच्या (ऑइल मोजायच्या पट्टीवरच्या) ऑइलला पेट्रोलचा वास, हे बघा. डीसीटीचे क्लच कोरडे असतात, ट्रॅफिकमध्ये इंच-इंच सरकून तापतात, म्हणून पहिल्या-दुसऱ्या गिअरला झटके येतात का ते चढावर रांगवून तपासा. मीटर फिरवलेला असू शकतो, दरवर्षीचं ऑइलचं बिल सहसा खोटं नसतं. माझं मत, बिलं असलेली व्हेन्यू.

प्रश्न : टर्बो गाडी बंद करण्याआधी दोन मिनिटं चालू ठेवावीच लागते का?

उत्तर : रोज नाही. सोसायटीत हळूहळू शिरून पार्क केली तर तेवढ्यातच टर्बो गार होतो. पण गाडी भरून, एसी लावून कसारा घाट रेटत चढलात आणि इगतपुरीला चहाला थांबलात तर मिनिटभर चालू राहू द्या, नाहीतर टर्बोच्या तापलेल्या बेअरिंगमधलं ऑइल जागच्या जागी करपतं. काही गाड्यांत बंद केल्यावरही पंप-पंख्याचा आवाज येत राहतो, तो बिघाड नाही.