वाचकांचे प्रश्न : हिमालयातील मोनाल

प्रश्न : आमच्याकडील जंगलात रानकोंबडे दिसतात. हिमालयातील मोनाल त्यांच्याच कुळातील असल्यास तो इकडे का नाही, आणि बर्फात तो खातो काय?
– एक वाचक, जांबोटी (ता. खानापूर, जि. बेळगाव)

उत्तर : कूळ एकच आहे, परंतु मोनाल हा साधारणतः २१०० ते ४५०० मीटर उंचीवरील थंड वने आणि गवताळ उतार यांचा रहिवासी आहे, जांबोटी-भीमगडचे डोंगर तेवढे उंच नाहीत आणि त्यांचे हवामानही उष्ण व दमट आहे. त्याची वरची चोच लांब, बाकदार आणि भक्कम असल्याने तो हिवाळ्यात काहीसा खाली उतरला, तरी बर्फ व माती कुदळीसारखी उकरून कंद, मुळे आणि किडे मिळवतो. नराचा हिरवा-निळा-तांबूस झळाळ पिसांच्या सूक्ष्म रचनेमुळे दिसतो. तपकिरी मादी मात्र जमिनीवरील घरट्यात सहज लपते व सुमारे चार आठवडे एकटीच अंडी उबवते. हिमाचलात टोपीवर खोवण्याच्या तुऱ्यासाठी नरांची शिकार होत असे, हे फार क्लेशदायक आहे. आज कायद्याने तिला पूर्ण बंदी आहे.