एजंटने हप्ता भरलाच नाही, त्याचा परवाना रद्द होईल का?

प्रश्न : एजंटला दोन वर्षे हप्ते रोख दिले. पॉलिसी बंद पडल्याचे आता कळले. त्याचा परवाना रद्द करण्यासाठी अर्ज कुठे करू?

उत्तर : विमा कायद्यातील २०१५च्या दुरुस्तीनंतर एजंटची नेमणूक विमा कंपनीच करते, आणि चौकशीअंती ती रद्दही तीच करते. म्हणून तक्रार आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, लेखी द्या. पॉलिसी क्रमांक, एजंट कोड, प्रत्येक रकमेची तारीख, पावत्या, व्हॉट्सअ‍ॅप संदेश जोडा आणि पोच घ्याच. नुसते “फसवले” लिहिलेला अर्ज बहुधा पुढे सरकत नाही. एजंटने घेतलेला हप्ता सुट्ट्या वगळून २४ तासांत कंपनीकडे पोचवणे विमा कायद्याच्या कलम ६४व्हीबीनुसार बंधनकारक आहे; हे कलम अर्जात लिहा. नेमणूक रद्द झालेल्याचे नाव काळ्या यादीत जाते, त्यामुळे दुसरी कंपनीही त्याला घेऊ शकत नाही.

महिन्यात उत्तर आले नाही, तर विमा लोकपालाकडे जा. शुल्क नाही, वकीलही लागत नाही. मात्र लोकपाल तुमच्या पैशांबाबत निर्णय देतो, एजंटच्या नेमणुकीबाबत नाही. आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ वरही तक्रार नोंदवता येते. रोख रकमेचा अपहार हा गुन्हा आहे. पोलिसांतही जरूर जा.